न दिसणाऱ्या दीर्घिकांची मोजदाद

१९९५च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीने सप्तर्षींमधल्या आकाशाच्या एका तुकड्याकडे सलग दहा दिवस रोखून पाहिले. तुकडा एवढासा, की पूर्ण चंद्राच्या तबकडीवर तसे शंभराहून जास्त सहज मावतील. त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या आणि ते छायाचित्र जगभर गाजले. १९९८ साली डेव्हिड ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तुकड्याचा एक वेगळा नकाशा प्रसिद्ध केला. हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावर, चार हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या नावाची पंधरा मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यावरच्या ‘स्कुबा’ कॅमेऱ्याने ८५० मायक्रॉन तरंगलांबीवर कित्येक रात्री निरीक्षण करून हा नकाशा काढला होता. त्यात दिसले पाच ठिपके. तीन हजारांच्या जागी पाच! आणि त्यांतला सर्वांत तेजस्वी ठिपका जिथे होता, तिथे हबलच्या छायाचित्रात त्याची म्हणावी अशी एकही दीर्घिका नव्हती.

या ठिपक्याचे नाव एचडीएफ ८५०.१. तो किती दूर आहे, हे ठरायला चौदा वर्षे लागली. २०१२ साली त्याच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या आणि आयनीभूत कार्बनच्या रेषा सापडल्या, तेव्हा कळले की त्याचा प्रकाश साडेबारा अब्ज वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत पोचला आहे. विश्वाचे वय अब्जभर वर्षांच्या थोडे पुढे असताना ही दीर्घिका धडाक्याने तारे घडवत होती, आणि मानवाने १९९५पर्यंत काढलेल्या सर्वांत खोल छायाचित्रात तिचा मागमूस नव्हता.

हे प्रकरण अशा दीर्घिकांच्या शिरगणतीचे आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो: यातल्या बहुसंख्य दीर्घिका कोणी वेगवेगळ्या पाहिलेल्याच नाहीत. तरीही त्या किती आहेत, याचा हिशेब खगोलशास्त्रज्ञांकडे आहे, आणि तो बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. न पाहता मोजता कसे आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी या दीर्घिका लपतात का ते पाहू. दोष धुळीचा. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूबरोबर कार्बनचे आणि सिलिकेटचे बारीक कण असतात, बहुतेक मायक्रॉनपेक्षाही लहान. वस्तुमानाच्या हिशेबात ही धूळ वायूच्या शंभराव्या भागाइतकी. पण नवे तारे जन्मतात ते नेमके जिथे वायू आणि धूळ सर्वांत दाट असते तिथेच. त्यांतले जे जड, निळे आणि प्रखर असतात ते काही दशलक्ष वर्षांतच संपतात. आपल्या जन्मस्थानाच्या ढगातून पुरते बाहेर पडायलाही त्यांना सवड मिळत नाही. त्यांचा अतिनील प्रकाश धूळ गिळते, किंचित तापते आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. ‘तापते’ म्हणजे तरी किती? उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या थंड वस्तूचे प्रारण शंभर मायक्रॉनच्या आगेमागे सर्वांत जोरदार असते. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हे सुमारे दोनशे पट झाले.

म्हणजे दीर्घिकेत तारे जितक्या झपाट्याने जन्मत असतील तितकी ती दूर-अवरक्तात उजळ, आणि बहुधा तितकीच दृश्य प्रकाशात झाकलेली. विश्वातल्या ताऱ्यांच्या जन्माचा इतिहास लिहायचा, तर केवळ हबलच्या चित्रांवर भागत नाही.

अडचण अशी, की आपल्या वातावरणातली पाण्याची वाफ हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. ८५० मायक्रॉनसारख्या एखाददुसऱ्या फटीतून, तेही उंच कोरड्या पर्वतावरून, थोडेफार दिसते. बाकीच्यासाठी वर जावे लागते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि नेदरलँड्स यांनी मिळून ‘आयरस’ हा उपग्रह सोडला. आरसा जेमतेम ६० सेंटिमीटरचा, आणि त्याला थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम पुरले दहा महिने. तेवढ्या अवधीत त्याने जवळपास सगळे आकाश पिंजून काढले आणि अडीच लाखांच्या आसपास स्रोतांची यादी दिली. आर्प २२० सारख्या दीर्घिका आपली जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्तातच ओततात, हे या यादीने ठसठशीतपणे दाखवले. १९९१ साली मायकेल रोवन-रॉबिन्सन यांच्या गटाने याच उपग्रहाच्या नोंदींतून एक विलक्षण तेजस्वी दूरची दीर्घिका शोधून काढली. पुढे कळले, की मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिला फुगवून दाखवले होते. हा प्रकार ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

‘आयरस’ने दाखवले ते मुख्यतः आपल्या शेजारपाजारचे. दूरवर काय आहे, याचा पहिला अंदाज आला तो वेगळ्याच वाटेने. १९८९ साली सोडलेला ‘कोबे’ उपग्रह महास्फोटाच्या अवशिष्ट प्रारणासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नोंदींमधून ते प्रारण, सूर्यमालेतली धूळ आणि आपल्या आकाशगंगेतली धूळ या सगळ्यांचा वाटा काळजीपूर्वक वजा केला, तरी दूर-अवरक्तात सगळीकडून येणारी एक मंद आभा शिल्लक राहते. १९९६ साली फ्रान्समधल्या झाँ-लू प्यूजे यांच्या गटाने ती प्रथम दाखवली आणि १९९८ मध्ये ‘कोबे’च्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे पक्की केली. तिची एकूण ऊर्जा सर्व दीर्घिकांच्या दृश्य प्रकाशाच्या बेरजेइतकीच भरते. विश्वाच्या इतिहासात ताऱ्यांनी जेवढा प्रकाश टाकला, त्यातला जवळपास निम्मा धुळीने मधल्यामध्ये पचवून अवरक्तात बदलला, असा याचा अर्थ.

एकूण जमा अशी हाती आली. पण ती कोणाकोणाकडून आली, याची वहीच नव्हती. थोड्या प्रचंड दीर्घिकांनी मिळून ही आभा दिली, की असंख्य मध्यम दीर्घिकांनी? पुढच्या पंधरा-वीस वर्षांतली सर्वेक्षणे या एका प्रश्नाभोवती फिरली.

नुसत्या मोजणीतून इतिहास कळतो, ही कल्पना अवरक्त खगोलशास्त्राची नव्हे. ती आली रेडिओ खगोलशास्त्राकडून, आणि तिथे ती चांगलीच गाजली. हिशेब साधा आहे. समजा, सर्व स्रोत सारख्याच शक्तीचे आहेत आणि अवकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत. आता एका ठरावीक तेजापेक्षा उजळ किती ते मोजा, मग मर्यादा चौथाईवर आणून पुन्हा मोजा. तेज चौथाई म्हणजे अंतर दुप्पट, अंतर दुप्पट म्हणजे घनफळ आठपट, म्हणून संख्याही आठपट वाढायला हवी. प्रसरण पावणाऱ्या विश्वात दूरच्या स्रोतांचे तेज आणखी घटते, त्यामुळे वाढ आठापेक्षा कमीच यावी. प्रत्यक्षात ती आठाच्या वर गेली, तर पूर्वीच्या काळी असे स्रोत जास्त होते किंवा जास्त तेजस्वी होते, असा निष्कर्ष निघतो. एकाही स्रोताचे अंतर माहीत नसताना!

केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनी १९५५ साली १९३६ रेडिओ स्रोतांची यादी काढली आणि या मोजणीवरून विश्व बदलत आले आहे, असे जाहीर केले. फ्रेड हॉयल आणि त्यांच्या साथीदारांचा स्थिर-स्थिती सिद्धांत सांगत होता, की विश्व सर्व काळी सारखेच. त्यामुळे राइलांचा घाव थेट त्यावर होता. पण राइलांच्या यादीतली वाढ अतोनात होती: तेज चौथाईवर आले की संख्या जवळपास ६४पट. ऑस्ट्रेलियातल्या बर्नार्ड मिल्स यांच्या गटाने आकाशाचा सामाईक भाग तपासला, तर दोन याद्यांचा मेळच बसेना. दोष राइलांच्या दुर्बिणीच्या जाड नजरेचा होता. शेजारशेजारचे मंद स्रोत तिला वेगळे दिसत नव्हते. दोन-तीन मिळून एक ठळक स्रोत असल्यासारखे नोंदले जात होते. राइलांच्याच गटातल्या पीटर श्यूअर यांनी १९५७ मध्ये एक निराळीच वाट काढली. स्रोतांची यादी करायचीच नाही. नोंदीतली रेघ वरखाली किती आणि कशी हलते, तेवढ्यावरून मोजणीचा उतार काढायचा. त्यांचे उत्तर आले बारापटीच्या आसपास. ६४ नव्हे, पण आठाहून जास्तच.

१९६१ साली राइल नव्या, सुधारलेल्या मोजणीसह पुन्हा पुढे आले. त्या वेळी हॉयल यांच्या बाजूने उत्तर तयार करणाऱ्यांत त्यांचा विशीतला संशोधक विद्यार्थी होता: कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. हॉयल आणि नारळीकर यांच्या त्या वर्षीच्या निबंधाचा मुद्दा असा, की विश्वात मोठ्या अंतरांवर दाट आणि विरळ प्रदेश असतील, तर स्थिर-स्थितीतही मोजणीचा उतार तीव्र दिसू शकतो. १९६५ नंतर अवशिष्ट प्रारणाने पारडे महास्फोटाकडे झुकवले, हे खरे. नारळीकर मात्र पुढेही पर्यायी विश्वरचनांचा पाठपुरावा करत राहिले. मला या वादातली दोन्ही बाजूंची एक गोष्ट मोलाची वाटते. मोजलेल्या आकड्याच्या मागे उपकरणाचा किती हात आहे आणि गृहीतकांचा किती, हे दोघांनी एकमेकांना विचारायला लावले. श्यूअर यांची पद्धत तर पन्नास वर्षांनी अवरक्तात जशीच्या तशी कामी आली.

दूर-अवरक्तात मोजणी करणाऱ्याला निसर्गाने एक सवलत दिली आहे. दूरची वस्तू मंद दिसते, हा नियम ८५० मायक्रॉनवर जवळजवळ लागूच पडत नाही. धुळीच्या प्रारणाचा कळस शंभर मायक्रॉनजवळ असतो. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेचे सगळे प्रारण लांब तरंगलांबीकडे सरकते, त्यामुळे तो कळस हळूहळू ८५० मायक्रॉनच्या दिशेने येतो. अंतराने जेवढे तेज घटते, तेवढे या सरकण्याने भरून निघते. परिणामी आठ अब्ज वर्षांपूर्वीची दीर्घिका आणि बारा-तेरा अब्ज वर्षांपूर्वीची तशीच दीर्घिका, दोन्ही सारख्याच उजळ दिसतात. सोय मोठी, पण तिची किंमत अशी, की ठिपका पाहून तो जवळचा की दूरचा, हे काही सांगता येत नाही.

इथे बलूनची गोष्ट सांगायलाच हवी. उपग्रह महाग, पर्वत अपुरा, म्हणून मधला मार्ग बलूनचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपली एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनने कितीतरी वेळा वर पाठवली; तिचा रोख आपल्याच आकाशगंगेतल्या तारे जन्मणाऱ्या ढगांवर होता. दूरच्या दीर्घिकांसाठी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या गटांनी ‘ब्लास्ट’ ही दुर्बीण बांधली आणि डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावरून सोडली. अकरा दिवस ती जवळपास ३८ किलोमीटर उंचीवर फिरली आणि २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनवर तिने आकाश टिपले. उतरताना मात्र घात झाला. जमिनीवर टेकताच सुटायला हवी असलेली हवाई छत्री सुटलीच नाही. वाऱ्याने ती फुगलेलीच राहिली आणि तिने सगळा सांगाडा बर्फावरून सुमारे दोनशे किलोमीटर फरपटत नेला. दुर्बिणीचा चक्काचूर झाला. निरीक्षणे साठवलेली पेटी वाटेत कुठेतरी निखळून पडली होती. पांढऱ्या बर्फात पांढऱ्या रंगाची पेटी. नशिबाने ती सापडली आणि २००९ साली ‘नेचर’मध्ये आलेले निष्कर्ष त्याच पेटीतले होते: दूर-अवरक्त आभेचा बहुतेक भाग अशा दीर्घिकांचा आहे, ज्यांची ठिकाणे अवरक्तात पाहणाऱ्या स्पिट्झर अंतराळ दुर्बिणीला २४ मायक्रॉनवर आधीच माहीत होती.

त्याच वर्षी, १४ मे २००९ रोजी, फ्रेंच गयानातल्या कुरूहून हर्शेल ही युरोपीय अंतराळ दुर्बीण निघाली. अवरक्त किरण १८०० साली प्रथम ओळखणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नाव तिला दिले होते. आरसा साडेतीन मीटरचा. तोवर अवकाशात गेलेला सर्वांत मोठा. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याकडे पाठ करून ती जवळपास चार वर्षे चालली आणि २९ एप्रिल २०१३ला तिचे हेलियम संपले.

तिचा ‘स्पायर’ कॅमेरा जवळून पाहण्याजोगा आहे. त्यात आपल्या मोबाइलसारखे कोट्यवधी पिक्सेल नव्हते. २५० मायक्रॉनसाठी १३९ संवेदक, ३५०साठी ८८ आणि ५००साठी अवघे ४३. प्रत्येक संवेदक म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ वीण आणि तिच्या मध्यभागी जर्मेनियमचा कण. पडणाऱ्या किरणांनी त्याचे तापमान जे नाममात्र वाढते, तेवढेच मोजायचे. त्यासाठी संवेदक निरपेक्ष शून्यावर जेमतेम ०.३ अंश ठेवलेले. आरसा मात्र इतका थंड नव्हता. त्याचे तापमान उणे १९० सेल्सिअसच्या आसपास होते आणि तो स्वतःच दूर-अवरक्तात झळकत होता, दूरच्या दीर्घिकांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक. म्हणून दुर्बीण एका जागी रोखायची नाही. आकाशावरून ती शेत नांगरल्याप्रमाणे ओळीने फिरवायची, मग त्याच भागावरून आडवी फिरवायची. आरशाची झळक सगळीकडे सारखीच राहते, दीर्घिका आली की नोंद किंचित उचलली जाते. या उचलींमधून नकाशा तयार होतो.

दोन मोठी सर्वेक्षणे झाली. ‘हर्मीस’ने लॉकमन विवरासारखे, म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला वायू आणि धूळ सर्वांत विरळ असलेले, निवडक प्रदेश खोलवर तपासले. ‘एच-अ‍ॅटलास’ने खोली कमी ठेवून सहाशे चौरस अंशांच्या आसपास पसारा घेतला. लॉकमन विवराचा नकाशा पाहिला, तर रिकामी जागाच सापडत नाही. कडेपासून कडेपर्यंत रवाळ ठिपके, आणि जवळजवळ प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका. निदान प्रथम पाहणाऱ्याला तसे वाटते.

पण गोम इथेच आहे. दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण, हे आरशाचा व्यास आणि तरंगलांबी यांवर ठरते. ५०० मायक्रॉन ही तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या हजारपट, त्यामुळे साडेतीन मीटरचा आरसाही ३६ विकलांपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकत नाही. पूर्ण चंद्राच्या तबकडीवर असे अडीच हजारांहून थोडे अधिक ठिपके बसतील. हबलला तेवढ्या जागेत लाखो दीर्घिका दिसतील. म्हणजे हर्शेलच्या प्रत्येक ठिपक्याखाली दाटीवाटीने कितीतरी दीर्घिका. इथे जास्त वेळ निरीक्षण करून काही साधत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वेळ दिला की कमी होतो. ही दाटी नकाशातच असते, ती हलत नाही. स्पायरच्या तिन्ही तरंगलांबींवर ही मर्यादा सहा मिलिजान्स्कीच्या आसपास निघाली (मिलिजान्स्की हे असे मंद तेज मोजण्याचे एकक). एखादा ठिपका खात्रीने वेगळा म्हणायचा, तर तो याच्या तीन-चारपट तरी उजळ हवा.

या मर्यादेच्या वरचे ठिपके मोजणेही वाटते तितके सरळ नाही. संगणक नकाशावर ठिपके शोधतो. पण त्याने किती गाळले, हे कसे कळणार? त्यासाठी नकाशात मुद्दाम खोट्या दीर्घिका पेरतात. ठरावीक तेजाच्या, यादृच्छिक जागी, एका वेळी थोड्याच, म्हणजे मूळ दाटी बिघडू नये. मग तोच शोध पुन्हा चालवतात. शंभर पेरल्या आणि साठ सापडल्या, तर त्या तेजाच्या खऱ्या दीर्घिकांची संख्याही त्याच प्रमाणात वाढवून घ्यायची. दुसरा दोष आर्थर एडिंग्टन यांनी १९१३ सालीच दाखवून दिला होता. मंद वस्तू उजळ वस्तूंपेक्षा संख्येने फार जास्त असतात. मोजमापातल्या चुकीने काही मंद वस्तू उजळ गटात ढकलल्या जातात आणि काही उजळ मंद गटात. पण वर जाणाऱ्यांचा लोंढा खाली येणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठा. म्हणून कच्च्या यादीतले तेज सरासरीने फुगलेलेच असते. पेरलेल्या दीर्घिका हेही सांगतात: पेरताना तेज दहा आणि सापडताना चौदा.

हे सगळे सोपस्कार करून, वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या दीर्घिकांची बेरीज केली, तर ‘कोबे’ने मोजलेल्या आभेपैकी किती हाती लागते? २५० मायक्रॉनवर सुमारे १५ टक्के, ३५०वर १०, ५००वर ६. बाकीचा सगळा प्रकाश नकाशात होताच, पण सुटा करता येत नव्हता.

इथे श्यूअर यांची पद्धत परत आली. कोकणात पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या माणसाला पावसाचे थेंब मोजता येत नाहीत. तरीही तासाला पडणारे पाणी सारखेच असताना टपोरे थोडे थेंब पडताहेत, की बारीक असंख्य, हे तो डोळे मिटून सांगतो. टपोऱ्या थेंबांचा आवाज तडतड असतो, बारीक सरींचा एकसुरी. नकाशाचेही तसेच. नकाशाचे सगळे पिक्सेल घ्यायचे, कोणते किती उजळ याचा आलेख काढायचा, आणि विचारायचे: मंद, मध्यम आणि तेजस्वी दीर्घिका कोणत्या प्रमाणात मिसळल्या, तर नेमका असा आलेख येईल? एकाही दीर्घिकेचे ठिकाण न ठरवता त्यांची संख्या मिळते. २०१० साली ‘हर्मीस’च्या नकाशांवर हे गणित मांडले गेले आणि आभेचा हिशेब एका फटक्यात २५० मायक्रॉनवर ६४, ३५०वर ६० आणि ५००वर ४३ टक्क्यांपर्यंत गेला. मोजणी दाटीच्या मर्यादेच्या बरीच खाली, दोन मिलिजान्स्कीपर्यंत उतरली होती.

दुसरा उपाय ठिकाणे उसनी घेण्याचा. स्पिट्झरच्या २४ मायक्रॉन नकाशात दीर्घिका कुठे आहेत, हे बरेच स्पष्ट दिसते. त्या ठिकाणांची यादी घेऊन हर्शेलच्या धूसर ठिपक्यातला प्रकाश त्या-त्या दीर्घिकेला वाटून द्यायचा. किंवा अशा हजारो ठिकाणांचे छोटे तुकडे कापून एकावर एक रचायचे, म्हणजे एकेकटी न दिसणाऱ्या दीर्घिकांची सरासरी उमटते. पद्धत प्रभावी आहे. मात्र उसन्या यादीत जी नाही, तिचा प्रकाश शेजारणीच्या खात्यावर पडतो, आणि एचडीएफ ८५०.१ सारख्या वस्तू अशा याद्यांमधून हमखास सुटतात. म्हणून मला श्यूअर यांची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ती कोणाचे नावगाव सांगत नाही, पण कोणाला वगळतही नाही.

मोजणीने सांगितले काय? तेज चौथाईवर आणले, की हर्शेलच्या तरंगलांबींवर संख्या आठपटीच्या खूप पुढे जाते. वर सांगितलेली सवलत हिशेबात धरूनही तेवढी वाढ होत नाही. दहा अब्ज वर्षांपूर्वी धुळीत लपून झपाट्याने तारे घडवणाऱ्या दीर्घिका आजच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त होत्या, असे मानल्याशिवाय हा उतार जुळतच नाही. आर्प २२० आज आपल्या परिसरात अपवाद आहे. त्या काळी तशा दीर्घिका नित्याच्या होत्या. आपली आकाशगंगा वर्षाकाठी एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडवते. त्या घडवत होत्या शेकड्यांनी.

आलेखाच्या अगदी उजळ टोकाला तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली. उतार इतका तीव्र असेल, तर फार तेजस्वी दूरच्या दीर्घिका जवळपास नसायलाच हव्यात. मग ५०० मायक्रॉनवर शंभर मिलिजान्स्कीपेक्षा उजळ जे काही दिसेल, ते काय असेल? ‘एच-अ‍ॅटलास’च्या पहिल्या १४.४ चौरस अंशांत असे अकरा स्रोत होते. माटिया नेग्रेल्लो आणि सहकाऱ्यांनी ते एकेक करून तपासले. चार निघाल्या जवळच्या सर्पिल दीर्घिका, एक क्वेसारच्या जातीचा रेडिओ स्रोत, एक आपल्याच आकाशगंगेतला तारे जन्मणारा ढग. उरले पाच. ते पाचही दूरच्या दीर्घिका निघाल्या, आणि पाचही ठिकाणी वाटेत दुसरी दीर्घिका गुरुत्वीय भिंग होऊन उभी होती. गुरुत्वीय भिंगे शोधायची, तर पूर्वी हजारो वस्तू चाळाव्या लागत. इथे केवळ मोजणीच्या आलेखावर रेघ मारून, सोपी ओळख पटणारे बाजूला काढले की शिल्लक राहिलेले सगळेच भिंगामागचे. त्या पाचांतल्या एसडीपी.८१ वर चिलीतल्या ‘अल्मा’ दुर्बिणींनी २०१४ अखेर पंधरा किलोमीटरपर्यंत पसरून नेम धरला, तेव्हा जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार कडे दिसले: साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वीची एक दीर्घिका, भिंगाने वाकवून कड्यासारखी ताणलेली.

याच ‘अल्मा’ने मोजणाऱ्यांना जमिनीवरही आणले. चिलीतल्याच ‘एपेक्स’ या बारा मीटरच्या दुर्बिणीने ८७० मायक्रॉनवर दक्षिण आकाशातल्या एका तुकड्यात १२६ स्रोत मोजले होते. ‘अल्मा’ने त्यांच्यावर एकेक करून नेम धरला आणि २०१३ साली कळले, की त्यांतले निदान एकतृतीयांश स्रोत एक नसून दोन-तीन दीर्घिका आहेत. सर्वांत तेजस्वी समजल्या गेलेल्या स्रोतांचीच फोड जास्त झाली. केंब्रिजच्या १९५५च्या यादीचा रोग इथेही होता, प्रमाण कमी एवढेच. मग २०१७ साली मात्यू बेथर्मां आणि सहकाऱ्यांनी संगणकात दोन चौरस अंशांचे कृत्रिम आकाश रचले. दीर्घिका एकमेकींजवळ गोळा होऊन राहतात, हेही त्यात धरले. मग ते आकाश हर्शेलच्या जाड नजरेने पाहून, नेहमीच्याच पद्धतीने मोजले. उत्तर बोचरे होते: ५०० मायक्रॉनवर, पाच ते पन्नास मिलिजान्स्कीच्या टप्प्यात, हर्शेलची मोजणी खऱ्याच्या जवळपास दुप्पट येते. कित्येक वर्षे सिद्धांतवाले या टप्प्यात मोजणीइतक्या दीर्घिका निर्माण करू शकत नव्हते आणि त्याबद्दल त्यांना बोल लावला जात होता. तो बोल निम्मा तरी दुर्बिणीच्या खात्यावर जायला हवा होता. आभेची एकूण बेरीज यातून बदलत नाही, कारण ती ‘कोबे’ने स्वतंत्रपणे मोजली आहे. बदलते ती वाटणी: प्रचंड दीर्घिका कमी, मध्यम जास्त.

हर्शेल थांबल्यापासून दूर-अवरक्तात तेवढ्या ताकदीची अंतराळ दुर्बीण नाही. जेम्स वेब दुर्बिणीची पोच २८ मायक्रॉनपर्यंत. ‘अल्मा’ तीक्ष्ण आहे, पण एका वेळी आकाशाचा फार छोटा भाग पाहते, त्यामुळे शेकडो चौरस अंशांचे काम तिच्याकडून होणार नाही. नासाने २०२४ मध्ये पुढच्या अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांपैकी एक ‘प्रिमा’ आहे. तिचा आरसा १.८ मीटरचा, म्हणजे हर्शेलच्या साधारण निम्मा, पण निरपेक्ष शून्याच्या वर साडेचार अंशांपर्यंत थंड केलेला. स्वतः न झळकणारा. आरसा लहान असल्याने दाटी वाढणारच. ती सोडवण्याचा तिचा बेत म्हणजे एकाच भागाकडे अनेक जवळजवळच्या तरंगलांबींवर पाहायचे. कमी तरंगलांबीवर नजर जास्त तीक्ष्ण असते; तिथे सुटी दिसलेली दीर्घिका पायरीपायरीने लांब तरंगलांबीच्या धूसर नकाशात ओळखत न्यायची. या बेताची परीक्षाही कृत्रिम आकाशांवरच चालू आहे. खोट्या दीर्घिका पेरून, त्या किती परत मिळतात ते मोजून.